पडद्यावर दिसणारें साहित्यशास्त्र

साहित्यशास्त्र म्हणजे परीक्षेपुरतें पाठ करावयाचें आणि परीक्षा संपतांच विसरावयाचें एक रूक्ष प्रकरण होय, अशी आपल्या घरांतील बहुतेक मुलामुलींची समजूत झालेली असते. नऊ रसांचीं नांवें मुलगा घडाघडा म्हणून दाखवितो, विभाव आणि अनुभाव यांच्या व्याख्या बिनचूक लिहितो. परंतु एखादी चांगली कादंबरी त्याच्यासमोर ठेवून ‘ही तुला कां आवडली?’ असें विचारलें, तर ‘छान आहे म्हणून’ यापलीकडे त्याची गति होत नाहीं. मौज अशी कीं, तोच मुलगा घरच्या मंडळींबरोबर एखादा चित्रपट पाहून उठला म्हणजे अमुक माणूस असा कां वागला, तमुक प्रसंग खरा कां वाटला नाहीं, शेवट असा कां केला, यावर जेवणाचें पान वाढून होईपर्यंत हिरिरीनें वाद घालीत असतो. वाचकहो, हा वाद म्हणजेच साहित्यविचार होय. त्या विचाराचें शास्त्रांतील नांव तेवढें त्याला ठाऊक नसतें. तें नांव योग्य वेळीं त्याच्या कानावर घालणें, एवढेंच वडील माणसांचें काम उरतें.

सातारा आणि सांगली या भागांतील कुटुंबांना यासाठीं उदाहरणें धुंडीत फार लांब जावयास नको. मराठी नाटकाचा पाळणा सांगलीसच हालला. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ करून दाखविलें. सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावर असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. वि. स. खांडेकर यांचा जन्म सांगलीचाच, १८९८ सालचा. ‘छाया’, ‘ज्वाला’, ‘देवता’ या बोलपटांच्या कथा त्यांच्या. आणि सांगलीजवळच्या समडोळी गांवीं १८८९ सालीं जन्मलेले नारायण हरि आपटे पुढें सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवीं राहिले. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३७ सालीं ‘कुंकू’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका शांता आपटे आणि वृद्ध पतीच्या भूमिकेंत रंगभूमीवरील नामांकित नट केशवराव दाते.

‘शारदा’ आणि ‘कुंकू’ या दोहोंचा विषय एकच, जरठ-कुमारी विवाह. एकाच टापूंतील दोन लेखकांनीं सुमारें एका पिढीच्या अंतरानें तोच विषय हाताळला. त्यांतील एक कृति नाटक म्हणून उभी राहिली, दुसरी कादंबरींतून पडद्यावर गेली. साहित्याचीं अंगें समजून घेण्यास याहून सोयीची जोडी मिळणें कठीण. दहाव्या शतकांतील पंडित धनंजय यानें आपल्या ‘दशरूपक’ ग्रंथांत नाट्यप्रकारांचे भेद पाडतांना तीन गोष्टी प्रमाण धरल्या आहेत: वस्तु, नेता आणि रस. आपणहि त्याच क्रमानें जाऊं.

प्रथम वस्तु, म्हणजे संविधानक. विषय आणि वस्तु यांत मुलें नेहमीं गल्लत करितात. ‘या गोष्टीचें संविधानक काय?’ असें विचारलें कीं ‘म्हाताऱ्याशीं लग्न’ असें उत्तर येतें. पण तो झाला विषय. विषय म्हणजे परातींतील कणीक. त्याच कणकेची पोळी करावयाची कीं पुरी, हें करणारी ठरविते. संविधानकाचा पहिला निर्णय असतो तो गोष्ट कोठें सुरू करावयाची आणि कोठें थांबवावयाची, हा. ‘शारदा’ नाटकांत लोभी कांचनभट आपली मुलगी धनाढ्य वृद्ध भुजंगनाथास देऊं करितो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करितो, आणि प्रेक्षकांचा श्वास एकाच प्रश्नापाशीं अडकून राहतो: हें लग्न लागेल कीं मोडेल? अखेर वधूवर सगोत्र असल्याचें उघडकीस येऊन तें मोडतें, आणि शंकराचार्यांच्या संमतीनें शारदेचें लग्न कोदंडाशीं होतें. मांडवांत येऊं घातलेलें संकट मांडवांतच टळतें. ‘कुंकू’ मध्यें मात्र लग्न आरंभींच लागून जातें. मामाच्या आश्रयाला वाढलेली पोरकी नीरा, मोठीं मुलें असलेल्या विधुर काकासाहेब वकिलांच्या घरीं येते. देवलांच्या नाटकाचा पडदा जेथें पडतो, जवळ जवळ तेथेंच ‘कुंकू’चा पडदा उजळतो. ‘लग्न लागेल काय?’ या प्रश्नाची जागा आतां ‘लग्न लागून गेलें, पुढें काय?’ हा प्रश्न घेतो.

सुरुवात हलविली कीं संघर्षाचें स्वरूप किती पालटतें, हें मुलांच्या सहज लक्षांत आणून देतां येतें. शारदेचे शत्रु घराबाहेर आणि घरांत वावरणारीं माणसें आहेत. बापाचा लोभ, मध्यस्थाची कपटबुद्धि, वराची हांव. ते हरले कीं नाटक संपतें. नीरेचा विरोध ज्याच्याशीं आहे, त्याच्याच छपराखालीं तिला राहावयाचें आहे, त्याच्याच घरची भाकरी खावयाची आहे. ती पळून जात नाहीं, जीव देत नाहीं. हा अन्याय आहे आणि मी याला पति मानणार नाहीं, एवढेंच ती ठामपणें सांगते आणि त्या शब्दावर राहते. हा नकार हेंच त्या बोलपटाचें सारें संविधानक आहे. तोफा नाहींत, तरवारी नाहींत. एक दार, एक उंबरठा आणि एक ‘नाहीं’.

आतां नेता, म्हणजे पात्र. येथें ‘कुंकू’ पाहणारीं मुलें बहुधा फसतात, आणि फसावींत असाच तिची रचना करणारांचा हेतु आहे. गोष्टींत एक नायक आणि एक खलपुरुष असतो, अशी संवय झालेलीं मुलें काकासाहेबांना पहिल्या पंधरा मिनिटांत खलपुरुष ठरवून मोकळीं होतात. देवलांचा भुजंगनाथ हें पात्र उपहासासाठींच घडविलेलें आहे. त्याच्या तारुण्याच्या आवावर प्रेक्षकांनीं हंसावें, आणि हंसतां हंसतां त्या चालीचीच लाज वाटावी, ही देवलांची योजना. काकासाहेब मात्र शिकलेले, समाजांत मान असलेले, आपल्या आपल्यांत नेहमीं दिसतात तसे गृहस्थ आहेत. त्यांनीं अन्याय केला आहे हें खरें. परंतु तो अन्याय आहे हें त्यांना प्रथम दिसतच नाहीं, कारण भोंवतालच्या कोणालाच तो दिसत नाहीं. त्यांची स्वतःची शिकलेली कन्या नीरेची बाजू घेते; मुलगा आपल्या सावत्र आईकडे वाईट नजरेनें पाहतो आणि नीरेकडून चांगलाच वठणीवर येतो. या सर्व प्रसंगांतून काकासाहेबांच्या डोळ्यांवरील झांपड हळूहळू सुटत जाते. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें शोकांतिकेचा विचार करितांना, अज्ञानांतून ज्ञानाकडे होणारें पात्राचें संक्रमण हें कथेचें एक मोठें मर्मस्थान मानलें आहे. तें काय असतें हें व्याख्येनें सांगूं जातां मुलें जांभया देतात. केशवराव दात्यांचा चेहरा पाहतांना तीच मुलें गप्प होतात. पात्र स्थिर कोणतें आणि परिवर्तनशील कोणतें, हा परीक्षेंतला प्रश्न तेथें आपोआप सुटतो.

वस्तु आणि पात्र झालीं. रसाकडे वळण्यापूर्वीं त्याच्या वाटेवर उभा असलेला ध्वनि पाहिला पाहिजे. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें असें प्रतिपादिलें कीं, काव्याचा आत्मा शब्दांच्या सरळ अर्थांत नसून त्यांतून सुचणाऱ्या अर्थांत असतो. ‘सूर्य मावळला’ एवढेंच म्हटलें, तरी गुराख्याला गुरें परत नेण्याची, संध्या करणाराला आचमनाची आणि चोराला आपल्या धंद्याची वेळ झाल्याचें तें सुचवितें, हें उदाहरण आम्हीं संस्कृत शिकतांना घोकलें. आतां या दृष्टीनें नुसत्या नांवांकडे पाहा. आपट्यांच्या कादंबरीचें नांव ‘न पटणारी गोष्ट’. यांत लेखकाचा निकाल आधींच सांगितलेला आहे. वाचक तो मान्य करून किंवा अमान्य करून आंत शिरतो. बोलपटाचें नांव ‘कुंकू’. यांत मत नाहीं, वाद नाहीं. कपाळावरची एक वस्तु तेवढी डोळ्यांसमोर धरलेली आहे. तें कुंकू सौभाग्याचें कीं बंधनाचें, लावणारीनें स्वतः लावलेलें कीं दुसऱ्यानें तिच्या कपाळीं मारलेलें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पहिलें नांव वाच्यार्थानें बोलतें, दुसरें सुचवितें. आणि गंमत पाहा, याच कथेची हिंदी आवृत्ति निघाली तेव्हां तिला ‘दुनिया न माने’ असें नांव मिळालें. म्हणजे गाडी पुन्हां विधानावर आली.

याच बोलपटांत भिंतीवरचें घड्याळ वारंवार दिसतें. घड्याळ घरोघर असतें, त्यांत अलंकार कसला, असें कोणीहि म्हणेल. परंतु पडदा पाहणाराच्या मनांत त्या घड्याळाची आणि त्या घरच्या धन्याच्या उतरत्या वयाची गांठ पडत जाते, आणि तसें एकहि वाक्य कोणी उच्चारीत नाहीं. हेंच प्रतीक. प्रतीक हें उपमेसारखें ‘अमुक हें तमुकासारखें आहे’ असें बोलून दाखवीत नाहीं. वस्तु आपल्या जागीं वस्तु म्हणूनच राहते आणि तिच्यामागें दुसरा अर्थ उभा राहतो. शांतारामांनीं आणखी एक धाडस केलें. प्रसंगाची भावना वाढविण्यासाठीं मागून वाद्यें वाजविण्याची रीत त्यांनीं या बोलपटांत सोडून दिली आणि प्रसंगांतल्या नैसर्गिक आवाजांवरच भिस्त ठेविली. प्रेक्षकाला ‘आतां रडा, आतां घाबरा’ असें सांगणारें कोणी नाहीं म्हटल्यावर त्याला स्वतःच कान द्यावे लागतात. कवीनें विशेषणें कमी केलीं म्हणजे वाचकाला जें करावें लागतें, तेंच हें.

आतां रस. भरतमुनींच्या मतें विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगानें रस निष्पन्न होतो. या तिघांतील अनुभाव, म्हणजे मनांतल्या भावाचें बाहेर दिसणारें कार्य, समजावून देण्यासाठीं मी नेहमीं प्रभातच्याच ‘संत तुकाराम’चा आधार घेत असें. दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३६ चा. १९३७ सालीं इटलींतील व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांत विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आहेत आणि गौरी ही नटी जिजाई. जिजाई सारा वेळ नवऱ्याला आणि त्याच्या विठोबाला बोल लावीत असते. तोंडच्या शब्दांवरून पाहिलें तर तिच्या ठायीं क्रोधावांचून कांहीं नाहीं. परंतु हीच जिजाई डोंगर चढून नवऱ्यासाठीं भाकरी घेऊन जाते. शब्द क्रोधाचे आहेत, आणि पाय चालतात ते प्रेमाच्या वाटेनें. ‘जिजाईचें तुकारामावर प्रेम होतें काय?’ असा प्रश्न मी वर्गांत घातला, म्हणजे मुलें एका सुरांत ‘होय’ म्हणत. ‘तिनें तसें कोठें म्हटलें आहे?’ असें विचारलें कीं क्षणभर शांतता पसरे, आणि मग मागच्या बांकावरून उत्तर येई, ‘गुरुजी, भाकरी आणली ना!’ ज्याला हें उमगलें, त्याला अनुभावाची व्याख्या पाठ करण्याची गरज राहिली नाहीं.

एक अंग मात्र असें आहे कीं, जेथें पडदा आणि पुस्तक यांची वाट निराळी होते. तें म्हणजे निवेदन. गोष्ट कोण सांगत आहे? विष्णुदास भाव्यांच्या खेळांत सूत्रधार पद्यांतून कथा गाऊन सांगे आणि पात्रें त्याला अनुसरून हावभाव व भाषण करीत. बोलपटांत सूत्रधार दिसत नाहीं. त्याचें काम कॅमेरा करितो. तो कोणाच्या बाजूला उभा आहे, कोणाचा चेहरा जवळून दाखवितो आणि कोणाची नुसती पाठ दाखवितो, यावरून आपली सहानुभूति कोठें जावी हें ठरून जातें. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ सालच्या पुस्तकांत मोठा झालेला श्याम आपल्या आश्रमांतील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. त्यामुळें प्रत्येक प्रसंगावर दोन डोळे असतात. एक लहान श्यामचा, ज्याला तेव्हां कळलें नव्हतें, आणि दुसरा मोठ्या श्यामचा, ज्याला आतां कळलें आहे. आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. वनमालाबाईंची आई ज्यांनीं पाहिली ते ती विसरले नाहींत. परंतु पडद्यावर श्याम आपल्यासमोर लहानच असतो. ‘हें मला पुढें कळलें’ या चार शब्दांतील हुरहुर पुस्तकाच्या पानावर जितक्या सहज उमटते, तितक्या सहज ती चित्रांत उतरत नाहीं. म्हणून माझें सांगणें असें कीं, चित्रपट पाहून पुस्तकाचें काम भागतें असें मुलांना वाटूं देऊं नये. चित्रपट हा साहित्याच्या वाड्याचा दिंडीदरवाजा आहे. माजघर पुस्तकांतच आहे.

शेवटीं एका प्रश्नाचा उल्लेख करणें अवश्य आहे, कारण त्यावांचून हें सारें विवेचन नुसतें व्याकरण ठरेल. ‘कुंकू’च्या अखेरीस काकासाहेबांना आपला अन्याय पूर्णपणें कळतो, नीरेनें अनुरूप वराशीं लग्न करावें असें पत्र लिहून ते स्वतःचें जीवन संपवितात. साताऱ्यास एका वर्गांत ही कथा सांगून झाल्यावर, एरवीं फारशी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, मग नीरा सुटली कीं विधवा झाली?” वर्गांतील कोणालाहि त्याचें उत्तर देतां येईना, आणि मींहि तें घाईनें दिलें नाहीं, कारण त्या एका प्रश्नांत कृतीचा सगळा आशय येऊन बसला होता. विषय, वस्तु, पात्र, प्रतीक यांतून शेवटीं जें आपल्या मनाशीं बोलतें, तें आशय. जें कुंकू तिला नको होतें, तें पुसलें जातें तेंहि एका मरणानें. प्रतीक फिरून आपल्यावरच उलटतें.

या शेवटावर मुलांनीं टीका केली तर करूं द्यावी. परंतु टीकेपूर्वीं काळ पाहावयास शिकवावें. १९२९ सालीं संमत झालेला आणि १९३० च्या एप्रिलपासून अंमलांत आलेला बालविवाह-प्रतिबंधक कायदा मुलीचें वय चौदा ठरवून थांबला होता. तो मांडणारे हरबिलास सारडा यांच्या नांवावरून लोक त्याला सारडा कायदा म्हणत. शारदेच्या नांवाशीं त्याचें साम्य हा निव्वळ योगायोग. नीरेसारख्या वाढत्या वयाच्या मुलीला त्या कायद्याचा उपयोग नव्हता, कारण तिच्या बाबतींत प्रश्न वयाचा नसून संमतीचा होता. मुंबई प्रांतांत हिंदु स्त्रीला घटस्फोटाची वाट उघडून देणारा कायदा १९४७ सालीं झाला आणि देशभर लागू होणारा हिंदु विवाह कायदा १९५५ सालीं. म्हणजे १९३७ सालीं नीरेच्या घराला जें एकच दार होतें, तें मृत्यूचें. देवलांनीं १८९९ मध्यें शास्त्राचा आधार घेऊन शारदेला सोडविलें; ‘कुंकू’च्या कर्त्यांना लग्न लागून गेल्यावर शास्त्राचाहि आधार उरला नव्हता आणि कायद्याचा अजून मिळाला नव्हता. शेवट दुबळा वाटत असेल, तर तो दुबळेपणा कितपत लेखणीचा आणि कितपत समाजाचा, हें ठरविणें हीच समीक्षा.

हे जुने बोलपट पाहण्यासाठीं पूर्वीं तंबूंतल्या खेळाची वाट पाहावी लागे. आज ते घरच्या पडद्यावरहि पाहावयास मिळतात. ज्या घरांत आजीपासून नातवापर्यंत चार वयांचीं माणसें एका खोलींत बसूं शकतात, त्या घराला हा मोठाच लाभ आहे. तेव्हां पुढच्या सुट्टींत एका संध्याकाळीं मंडळींनीं ‘कुंकू’ पाहावा, आणि जमल्यास त्याच आठवड्यांत ‘शारदा’ मोठ्यानें वाचावें. खेळ संपल्यावर वडिलांनीं लगेच तात्पर्य सांगण्याची घाई करूं नये. गोष्ट कोठून सुरू झाली, कोण बदललें, आणि न बोलतां काय सांगितलें गेलें, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरें लहानांना आधीं देऊं द्यावींत. एखाद्या मुलीनें आपल्याला अडचणींत टाकणारा चौथा प्रश्न विचारला, तर तिला गप्प बसवूं नये. नीरेच्या घरांत सर्वांत प्रथम तेंच करण्यांत आलें होतें.